काचेतला बॅगपाइपवाला

४ फेब्रुवारी
संग्रहालयातली पेटी क्रमांक अकरा. गिरणीच्या जुन्या बँडच्या काचेच्या निगेटिव्ह. सतराव्या काचेवर एकच माणूस, बॅगपाइप वाजवणारा. पाकिटावर लिहिलंय — अनोळखी.

स्कॅन करून पडद्यावर घेतला. हवेची पिशवी उजव्या काखेत, एरवी ती डाव्या काखेत धरतात. म्हणजे डावखुरा.

आईचे वडील याच बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. डावखुरे होते, आईसारखेच. ती जन्मायच्या तीन महिने आधी गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. साठ वर्षांत तिने बापाचा चेहरा पाहिलेला नाही.

तिला सांगितलेलं नाही. खात्री नसताना सांगणं म्हणजे छळ.

५ फेब्रुवारी
आई जेवताना : "मिठाची गुळणी धरून बसलीयेस का गं?" काम आहे म्हणाले.

९ फेब्रुवारी
चूक माझीच. आज कोटाची बटणं मोठी करून बघितली. उजवं पान वर. पुरुषांच्या कोटाचं डावं वर असतं. मी काच उलट्या बाजूने स्कॅन केली होती. चित्र आरशातल्यासारखं आलं. सरळ केलं तर पिशवी डाव्या काखेत. डावखुरा वगैरे काही नाही.

साहेबांना स्वतःहून सांगितलं. "सांगितलंस ना? मग झालं. बाकीच्या काचा तपास." एवढंच. त्यांचे उपकार आहेत.

आईला बोलले नाही ते बरंच झालं.

१३ फेब्रुवारी
बँडमधले ढोलवाले आजोबा तेवढे हयात आहेत. वय सत्त्याऐंशी. नोंद पुरी करायची म्हणून गेले, आशा नव्हती.

त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. "दोघं वाजवायचे बॅगपाइप. गाल एकदा फुगले की सगळे सारखे, पोरी. सासूसुद्धा जावई ओळखायची नाही."

दोघांतले डावखुरे होते ते हे नक्कीच नाहीत ना, मी विचारलं. आजोबा हसले. "डावखुरा तो घरी. रांगेत बँडमास्तर ऐकतो होय? सगळ्यांची पिशवी डाव्या काखेत म्हणजे डाव्या काखेत. शिव्या खाऊन शिकला बिचारा. घड्याळ मात्र उजव्या हातालाच बांधायचा. मास्तर म्हणायचा, तिरपागडं आहे."

"आणि दुसरे?"

"त्याच्याकडे कुठलं घड्याळ? तो वेळ आम्हाला विचारायचा."

फोटो पुन्हा हातात घेतला. घड्याळ उजव्या मनगटावर. उलट्या चित्रात ते डाव्या मनगटावर होतं — सगळ्यांचं असतं तिथेच. म्हणून दिसूनही दिसलं नाही.

निघताना आजोबांचे दोन्ही हात धरले. मी असं कधी करत नाही.

१४ फेब्रुवारी
नोंदीतलं 'अनोळखी' काढून आईच्या वडिलांचं नाव घातलं. पुढे 'बहुधा'. एका म्हाताऱ्या माणसाची आठवण आणि एक घड्याळ — यावर याहून जास्त लिहिता येत नाही.

संध्याकाळी प्रत आईसमोर ठेवली. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, 'बहुधा'सकट. ती फोटो घेऊन आत गेली.

१५ फेब्रुवारी
सकाळी आई आरशासमोर उभी होती. फोटो आरशाच्या कडेला खोचलेला. मी दारात आहे हे तिला कळलं नाही. तिने गाल फुगवले.

ऑफिसात गेल्या गेल्या 'बहुधा' खोडलं.