डिस्क चांगली होती

सर, तुमचा आवाज माझ्यामुळे गेला. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर माझी सवय तुम्हाला माहीत आहे, इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं तेवढं राहून जाईल. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या वर्षी खोकत खोकत तुम्ही बेचाळीस कॅसेटी भरल्या होत्यात. कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते मराठीत, कळवण-सुरगाण्याकडून येणाऱ्या पोरापोरींना इंग्रजीपायी रडावं लागू नये म्हणून. त्या आता जगात कुठेच नाहीत. डिस्क गेली, असं मी काकूंना सांगितलं. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी मी रोज चांदवडहून एसटीने यायची आणि वर्गात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायची. कळायचं डोंबल. तुम्ही एकदा वही पाहिलीत आणि विचारलंत, "यातलं तुला काय काय समजलंय?" मी म्हणाले, "काहीच नाय सर." सगळा वर्ग हसला, तुम्ही नाही हसलात. रविवारी घरी ये म्हणालात. इंदिरानगरमधल्या तुमच्या घरात कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता, कारण नीट अर्थिंग असलेलं सॉकेट घरात तेवढं एकच होतं. काकू पोळ्या लाटताहेत, तुम्ही स्टुलावर, मी डब्यांच्या फळीला पाठ टेकून, आणि तुम्ही सांगताय की आपण जी फाइल सेव्ह करतो ती डिस्कवर एका जागी सलग नसते, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असते, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची एक यादी असते. यादी गेली की सगळं गेलं, माल जागेवर असूनसुद्धा. ती यादी सांभाळणारा कोड म्हणजे फाइलसिस्टीम. कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं, मला रडू आलं होतं. कांद्यामुळे, असं मी काकूंना सांगितलं. म्हणजे काकूंशी खोटं बोलायची सुरुवातही तिथलीच.

तिसऱ्या वर्षी मी डिस्कशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला, पंधरा दिवस घालवून. फाइल लिहिली जात होती, मी ऐटीत म्हणाले, "झालं, सर." तुम्ही उठलात आणि भिंतीतली पिन सरळ उपटलीत. मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे पिन परत लावलीत, मशीन सुरू केलंत, आणि माझी फाइल अर्धीमुर्धी, कचऱ्याने भरलेली निघाली. "वीज असताना कुणाचाही कोड चालतो," तुम्ही म्हणालात. "नाशकात लाइट जाते ना? मग पिन उपटल्याशिवाय झालं म्हणायचं नाही." मला इतका राग आला होता, सर, की पुढचे दोन रविवार मी आले नव्हते. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा तुम्ही एक जाडजूड गठ्ठा पुढे ठेवलात. फुकट वाटल्या जाणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा सगळ्यात आतला भाग, त्यातला फाइलसिस्टीमचा सगळा कोड तुम्ही भोकांच्या कागदावर छापून आणला होता आणि समासात पेन्सिलीने मराठीत टिपा लिहिल्या होत्या. "इथे थांबावं लागतं, का ते शोध." असलं काय काय. तो गठ्ठा माझ्याकडे आहे. हल्ली मी तो उघडत नाही.

त्या गठ्ठ्यावरच माझं पुढचं सगळं उभं राहिलं. दिवसा अंबडच्या कंपनीत नोकरी, आणि घरी आले की हा कोड. आधी एक चूक दुरुस्त करून पाठवली, मग दुसरी, आणि तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती फाइलसिस्टीम सांभाळणारा परदेशातला माणूस कंटाळून बाजूला झाला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पगार नाही, ऑफिस नाही, नुसत्या ईमेल. जगभरातून लोक बदल पाठवतात, मी ते वाचायचे, पटले तर खाली माझ्या नावाची ओळ घालून पुढे द्यायचे. त्या ओळीचा अर्थ एवढाच की हे मी पाहिलंय आणि याला मी जबाबदार आहे. त्याला तुमचा एक नियम मी जोडला होता. नवा कोड आधी आपल्या घरच्या मशीनवर चालवायचा, मग लोकांना द्यायचा. आपल्या घरचं मशीन म्हणजे तुमचंच, स्वयंपाकघरातलं. कॅसेटी मी त्याच्यावर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटींना बुरशी आली तेव्हा मीच काकूंना म्हणाले की टाकून द्या, आता सगळं आत आहे. काकू सकाळी चहा घेताना तुमचा एक धडा लावायच्या. त्यातलं त्यांना अक्षर कळत नसे. "कळायला कशाला हवं," म्हणायच्या, "बोलताहेत ना."

मग तो बदल आला. पाठवणारा मोठा माणूस, या कामातला माझ्यापेक्षा कितीतरी जुना. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक वेळी यादी लिहिल्यावर आपण डिस्कला विचारतो, खरंच उतरवलंस का, आणि तिचं उत्तर येईपर्यंत खोळंबून राहतो. हे थांबणं काढून टाकलं तर सगळं कितीतरी झपाट्याने होतं. त्याने करून दाखवलं होतं, बाकीच्यांनी वा वा केली होती. मी दोन दिवस तो कोड वाचला, माझ्या मशीनवर चालवला, आणि मला, सर, भयंकर बरं वाटलं की एवढा माणूस माझ्या सहीसाठी थांबलाय. पिन उपटून पाहायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. का नाही आलं ते मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. आदल्या दिवाळीला आम्ही घरी इन्व्हर्टर बसवला होता. सगळ्या नाशकात रोज तीन-तीन तास लाइट जात होती, आणि माझ्या घरात ती जायची बंद झाली होती. तेवढ्यानेच मी विसरले. मी सही केली.

नियमाप्रमाणे ते आधी तुमच्या मशीनवर घातलं. तीन आठवडे सुतासारखं सरळ चाललं. मग एका शनिवारी काकू म्हणाल्या, यांचे धडे जरा नीट लावून दे गं, मला सापडत नाहीत. मी बसले, बेचाळीस फोल्डर केले, प्रत्येकाला नाव दिलं, धडे त्यांत हलवले. शेवटचा हलवला आणि दहा वाजता लाइट गेली. दहा ते एक, वेळापत्रकाप्रमाणे. काकूंच्या घरी इन्व्हर्टर नव्हता. एकला लाइट आली, मशीन सुरू झालं, तपासणाऱ्या प्रोग्रामने सगळं ठीक आहे असं सांगितलं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. नव्या यादीतली फक्त नावं उतरली होती. त्यांचे तुकडे कुठे आहेत ते उतरलंच नव्हतं, आणि यादीच्या लेखी तुमच्या धड्यांची जागा मोकळी झाली होती. मी एक धडा जरी लावून पाहिला असता तर कळलं असतं. त्याऐवजी मी त्याच मशीनवर कर्नलची पुढची आवृत्ती उतरवली आणि बांधायला लावली, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करायला. दोन तास ती डिस्कवर लिहीत होती. त्या मोकळ्या जागेत. मी खाली दूध आणायला गेले, वर येऊन थालीपीठ खाल्लं, आणि घरी गेले. दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. लोकांना दोन-दोन प्रती ठेवा म्हणून सांगणारी मी.

सोमवारी काकूंचा फोन आला. "अगं, यांचा आवाज लागत नाहीये."

मी गेले. बेचाळीस फोल्डर, बेचाळीस नावं, आत काही नाही. मला तिथल्या तिथे कळलं, सर, दुसरी कुठली शक्यताच नव्हती. काकू माझ्या मागे उभ्या, हाताला पीठ. मी म्हणाले, "डिस्क गेली, काकू. जुनी झाली होती." काढून घरी नेली आणि महिनाभर पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत चाळली. एकही जागा खराब नव्हती. तुमच्या धड्यांवर सगळीकडे माझा कोड पसरलेला होता. त्याखालून एकच तुकडा निघाला, चार सेकंदांचा, त्यात तुम्ही "म्हणजे बघा" म्हणता आणि खोकता. तो मी काकूंना दिला. चहा घेताना त्या तो लावतात.

त्या महिन्यात मी तो बदल काढून टाकला आणि सगळ्यांना लिहून कळवलं की चूक माझी, मी न तपासता सही केली, नाशकातल्या एका घरात फायली कायमच्या गेल्या. आणि गंमत बघा, लोकांनी माझं कौतुक केलं. एवढ्या सरळपणे चूक कबूल करणारी माणसं कमी असतात म्हणाले. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत अशा शेकडो लोकांना खरं सांगितलं, आणि जिच्या हातची पोळी पंधरा वर्षं खाल्ली तिला नाही. ती मेल मी काकूंना वाचून दाखवली असती तर पाच मिनिटांत मोकळी झाले असते. नाही दाखवली. मग सांगणं अवघडच होऊन बसलं, कारण काकूच एक दिवस माझ्याजवळ रडल्या.

तुमचा स्वयंपाकघरातला तो हुकूम होता ना, मशीन चालू असताना मिक्सर लावायचा नाही, व्होल्टेज खाली जातं. त्या शनिवारी मी दूध आणायला गेले तेवढ्यात काकूंनी चटणीसाठी मिक्सर फिरवला होता. स्क्रीन थरथरला म्हणे, त्यांनी घाबरून लगेच बंद केला, आणि मला काही बोलल्या नाहीत. "माझ्या हातूनच गेलं गं," त्या म्हणाल्या. "हे आयुष्यभर सांगत राहिले आणि मी शेवटी तेच केलं." पदराने डोळे पुसत होत्या. मिक्सरचा काही संबंध नव्हता, काकू, एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि मी म्हणाले, "असू दे काकू, होतं असं."

त्याला आता तीन वर्षं झाली. मला झोप लागत नाही असं नाही, लागते, मेलं जेवणही जातं. पण फाइलसिस्टीमचा कोड उघडला की हात चालत नाहीत, एखाद्याने साधा बदल पाठवला तरी चार-चार दिवस तसाच पडून राहतो. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं असं मनात आहे, आणि घेणारा माणूस मिळत नाही. काकू सत्तरीला आल्या. कधीतरी त्याही जातील, आणि आपण नवऱ्याचा आवाज घालवला असं समजत जातील. हे मला थांबवता येतं, एका वाक्यात, रिक्षाने दहा मिनिटांवर जाऊन. आणि मी इथे बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही काही वर मान करून माझ्याकडे बघणार नाही.

आज सकाळी मी सांगायचं ठरवून गेले होते. रिक्षात वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. काकू खाली बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या, उजवा खांदा डॉक्टरांनी वर करू नका म्हणून सांगितलेला, म्हणून डाव्या हाताने. मी म्हणाले, "काकू, मिक्सर आहे ना." तर म्हणाल्या, "मी त्याला तेव्हापासून हात लावत नाही." अगदी साध्या आवाजात, दूध तापवलंय म्हणावं तसं. मग मला पाट दिला, ताटलीत भाकरी आणि चटणी वाढली आणि समोर बसून राहिल्या. मी जेवले. अजून घालू का म्हणाल्या, आणि सर, मी घाला म्हणाले.