चित्रातली संत्री

अमरावती, ता. १४ जून १९३५

चि. सौ. पार्बता हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या जानरावाच्या विलायतेच्या बोटीचा निकाल मी लावला. दोन्ही कंपन्यांची इंग्रजी पुस्तकं मागवली होती. एकीचं भाडं साठ रुपयांनी कमी, पण पुस्तकात जेवणाचं साधं चित्र नाही. दुसरीच्या टेबलावर द्राक्षं, सफरचंदं आणि आपल्यासारखी संत्री रचलेली. मी संत्र्याचा व्यापारी, माल मला कळतो. पोरानं मांसाला कधी हात लावला नाही, त्याच्या पोटाचे हाल नकोत. वरचे साठ रुपये त्याच्या गरम कोटातून काढा, कोट मागाहून घेता येईल. तुझं पापडांचं बोचकं मात्र देऊ नकोस, बोटीवर लोक हसतील.

घरी सर्वांस आशीर्वाद. दादाची आठवण असू दे.

शेषराव

अकोला, ता. ६ नोव्हेंबर १९३५

ती. दादांचे चरणी पार्बताचा शि. सा. न. वि. वि.

लेकीकडून, कौशल्येकडून, लिहवून घेत आहे. जानराव सुखरूप पोचला एवढंच तुम्हाला कळवलं होतं, पुढचं लपवलं. बोटीवरचे अठरा दिवस पोरानं पाव, उकडलेले बटाटे आणि चहावर काढले. बाकी सगळ्या ताटांत मांस. कमी भाड्याच्या बोटीवर हिंदू मुलांसाठी वेगळा वरणभात शिजतो, असं तिच्या पुस्तकात छापलं होतं, आणि त्यानं ते तुम्ही दिलं त्याच दिवशी वाचलं होतं. काहून बोलला नाहीस, असं मी विचारलं. त्यानं लिहिलं की बैठकीत दहा माणसांसमोर मामा पुस्तक हातात धरून सांगत होते, त्यांना खाली कसं पाहायला लावू? तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथही घातली.

ती मोडते आहे, कारण मूर्तिजापूरच्या वामनरावांच्या मुलालाही तुम्ही तीच बोट सांगितल्याचं कळलं. त्यांचं घर महानुभाव, अंड्याचा वासही चालत नाही.

लहान तोंडी लिहिलं, पोटात घाला.

पार्बता

अमरावती, ता. १२ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. पार्बतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाकडे पाहवेना. पार्बता, मला इंग्रजी येत नाही. आकडे तेवढे कळतात, बाकी मी चित्रं पाहिली. करंडीत मोठी संत्री वर मीच लावतो, तीस वर्षं लावतो, आणि दुसऱ्यानं लावलेली पाहून भुललो. फार लाज वाटते. पोर उपाशी राहिलं याची वाटते, आणि उपाशी राहून त्यानं माझी अब्रू राखली याची त्याहून जास्त.

काल मूर्तिजापूरला गेलो. वामनरावांच्या ओसरीवर माणसं बसली होती. त्यांना बाजूला नेऊन सांगावं असं फार वाटलं, पण बोट चारचौघांत सांगितली होती. म्हणालो, "मले इंग्रजी येत नाही. चित्र पाहून बोट सांगतली. तिच्यावर पोराले पाठवू नका."

कोणी हसलं नाही. वामनरावांनी मुलाला पुस्तक आणून वाचायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. मान खाली घालून मला म्हणाला, "मले मालूम होतं, काकाजी."

कोटाचे पैसे आज मनीऑर्डरनं पाठवतो. जानरावाला लिहायला बसलो होतो, 'चि. जानराव' याच्यापुढे हात गेला नाही. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा दादा