मंदाताईंचं तेल निर्दोष आहे

नालवाडी, वर्धा
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. सौ. मंदाताई यांस,
धाकट्या जावेचा, म्हणजे पद्माचा, शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. यांचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. तिकडे भाऊजींचा खोकला, तुमची पाठ आणि वावरातली तूर कशी आहे ते कळवा. कळवणार नाही हे माहीत आहे, तरी विचारायची रीत आहे म्हणून विचारते.

पोस्टमन दारात बघून तुम्हाला वाटलं असेल, बँकेची नोटीस आली. घाबरू नका, मी आहे. तुम्ही मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंत. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगते की आपण डायल केलेला नंबर व्यस्त आहे. तीन महिने व्यस्त! आपले दोघींचे नवरे मात्र रोज बोलतात. मी खोलीत शिरले की हे पटकन म्हणतात, "मग कापसाचा भाव काय काढला, दादा?" पोस्टाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

आधी केसांचं सांगते. कढीचं नंतर.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला तुम्ही माझं डोकं पाहिलंत, त्यानंतर ते आणखी विरळ झालं. शेजारच्या काजलचं पार्लर आहे. तिने कांद्याचा रस लावायला सांगितला. तो लावून, दोनदा डोकं धुऊन वर्गात गेले, तर आठवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आज डब्यात भजे आणले का?" रस बंद केला. मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. गणिताची शिक्षिका आहे, दुसरं काय करणार? रोज सकाळी गळलेले केस मोजायचे, वहीत आकडा लिहायचा, केस पाकिटात भरून वर तारीख घालायची. एका सोमवारी दोनशे बारा भरले. यांनी एकदा रुमाल शोधताना ते कपाट उघडलं आणि तेव्हापासून रुमाल मला मागतात.

शेवटी दिवाळीनंतर वर्ध्यातच केसांच्या डॉक्टरीणबाई आहेत, डॉ. यामिनी म्हणून, त्यांच्याकडे गेले. पाकिटं टेबलावर मांडली. त्या हसल्या नाहीत, "बऱ्याच जणी आणतात" म्हणाल्या. मग एक बट बोटांत धरून हलकेच ओढली. सहा-सात केस त्यांच्या हातात आले. मी म्हटलं, "मॅडम, इथे आधीच दुष्काळ, त्यात तुम्हीही?"

मग त्यांनी विचारलं, "गळायला लागले त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?"

मी तयारच होते. म्हटलं, "काही नाही. नागपंचमीला जावेनं घरचं तेल दिलं, आणि पंधरा-वीस दिवसांत केस गळायला लागले."

"पंधरा दिवसांचं नाही विचारत. दोन-तीन महिने आधीचं सांगा."

ताई, मी बोटांवर मोजलं. ऑगस्टमधून तीन गेले की मे. मेमध्ये मला टायफॉइड झाला होता. सुट्टीचे पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून कोणी मला पेज पाजली, घामाने भिजलेली वेणी कोणी विंचरली, हे मला त्या बाईंना सांगवलं नाही. मी नुसतं "ताप आला होता" म्हटलं.

त्या म्हणाल्या, मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, मनाला बसलेला धक्का, असं काही झालं की पुष्कळ केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात. ते केस तेव्हा पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. तोवर माणूस ताप विसरतो आणि जवळ जे दिसेल त्याला धरतो. म्हणजे माझे केस ऑगस्टमध्ये पडले, पण त्यांचा निकाल मेमध्येच लागला होता. हे आपोआप भरून येतात, सहा महिने धीर धरा म्हणाल्या.

रक्तही तपासलं. थायरॉइड ठीक निघालं. अंगातला लोहाचा साठा मात्र रिकामा. आजारानंतर वजन उतरलंच आहे तर आणखी थोडं उतरवू म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, वर श्रावणातले उपास. लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. गोळीच्या आगेमागे चहा नाही. ताई, सकाळचा चहा नाही, म्हणजे पहिल्या तासाला वर्गात मी कशी असते ते पोरांना विचारा. शिवाय डाळी, अंडी, सोयाबीन खा म्हणाल्या. आपण जन्मभर सोयाबीन पिकवलं, पोती भरून विकलं, खाल्लं कधी?

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली. बायकांत आणखी एक प्रकार असतो. त्यात केस झडल्यासारखे दिसत नाहीत, बारीक होतात आणि भांग रुंद होत जातो. माहेरच्या कोणाला असतो, पाळी गेल्यावर वाढतो. त्याचं औषध वेगळं, तपासून घ्यायचं आणि बरेच महिने लावायचं. माझा तो नाही.

आणि तेल? चार वेळा विचारलं मी. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "मॅडम, तेलानं केस वरून मऊ राहतात, तुटतात कमी. त्यानं मुळातून नवे उगवत नाहीत आणि तुमचे केस त्यानं पाडलेही नाहीत. तुम्हाला कोणाला पकडायचंय का?"

मी म्हटलं, पकडायचं नाही, सोडवायचंय. त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आता कढी. थोडं पाणी पिऊन येते.

आले. ताई, महालक्ष्म्यांच्या पंगतीची कढी मी केली होती. लक्ष्मणराव गुरुजींच्या वाटीतून केस निघाला, तो त्यांनी दोन बोटांनी धरून वर ओढायला घेतला, आणि तो संपेचना. अख्खी पंगत बघत होती. सगळ्यांनी आधी केसाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. मी म्हटलं, "कढी ताईंनी केली." तुम्ही चकित होऊन माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मला आणखी चेव आला. मी ओरडले, "आणि केस माझा असला तरी पाडला कोणी? यांच्या तेलानं माझं डोकं रिकामं केलं. कोणी घेऊ नका ते तेल." पंगतीत निम्म्या बायका तुमचं तेल नेणाऱ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून तुमची तेलाची चूल बंद झाली, हे मला यांच्याकडून कळलं.

केस माझा होता. कढी माझी होती. पळी हलवताना मी डोकं खाजवलं होतं, तेही आठवतं. मला लाज वाटली आणि ती लाज मी तुमच्या अंगावर टाकली. डॉक्टरीणबाईंनी तेल सोडवलं, पण कढीबद्दल मला कोणी सोडवणार नाही. तुमच्याकडून तेल नेणाऱ्या प्रत्येकीच्या घरी जाऊन मी हे सांगणार आहे. पहिल्यांदा लक्ष्मणराव गुरुजींकडे जाईन, त्यांनी तेव्हापासून म्हणे कुठेच कढी घेतलेली नाही.

आणि कनिष्ठा. महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे सासूबाईंपासून एका पेटीत राहिले. तुम्ही रागाने त्यातला धाकटीचा, कनिष्ठेचा, भाऊजींबरोबर पाठवून दिलात. ते बिचारे स्टीलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आले. कंडक्टरने विचारलं डब्यात काय, तर म्हणाले, "देवी हाये. तिचं भांडण झालं." माझ्या हातात डबा देऊन म्हणाले, "मंदा म्हणते पुढल्या वर्षापासून आपआपली मांडा. मी काय करून राह्यलो, मलेच समजून नाई राह्यलं." ताई, एकटी महालक्ष्मी कोणी मांडतं का? मी तिला देवघरात ठेवलं आहे, पण तिच्याकडे बघून हात जोडवत नाहीत.

२१ तारखेला, रविवारी, दहाच्या बसने तिला घेऊन देवळीला येते. मला दारातून परत पाठवायचं असेल तर पाठवा. तिला तेवढं आत घ्या.

तुमची अपराधी आणि सध्या अर्ध्या केसांची,
पद्मा


देवळी
शुक्रवार, १२ डिसेंबर

चि. सौ. पद्मास मंदाताईचे आशीर्वाद.

पत्र भेटलं. मी बोलते तशीच लिहिते, लाल पेन चालवजो नको.

तुझ्या भाऊजींनं पत्र मोठ्यानं वाचलं. कढीपाशी आले अन् इतके हसले का खोकल्याची उबळ आली. मी हसली नाई. केस तुझा हाये हे मले पंगतीतच समजलं होतं. आपल्या घरात तेवढा लांब केस दुसऱ्या कोनाचा हाये? तरी मी चूप राह्यली. काऊन, ते आता सांगते. हे मी अजून कोनाले सांगितलं नाई.

तू इतकं इचारलं त्या डॉक्टरीणबाईले, पण मी तेल काऊन करायले लागली, हे कधी मले इचारलं नाई. चार वर्षं झाले. माझा भांग आधी पायवाट होता, आता डांबरी रस्ता झाला. माझ्या मायचाही तसाच होता. म्हणून जास्वंद आणली, माका आणला, कढीपत्ता टाकला, अन् तेल उकळलं. पह्यले माझ्याच डोक्याले लावलं. एक केस नाई आला. पण वास चांगला सुटला, शेजारच्या बाया मागाले आल्या, म्हणे मंदाबाई, तुमचे केस या तेलानं लई दाट झाले असन, नजर लागन म्हणून झाकून ठेवता. मी हो म्हटलं. चार वर्षं मी पदराआडून हो म्हणून राह्यली.

तू पंगतीत बोलली तवा मले राग आला तो तेलाचा नाई. मले वाटलं हिले समजलं, अन् आता ही सगळ्यांपुढं माझा पदर ओढते. म्हणून चूप राह्यली. म्हणून तुले ब्लॉक केलं, देवी पाठवली. चूल मी आपल्या मनानं बंद केली. बायांले आणखी खोटं सांगायची हिंमत नाई राह्यली.

घरोघरी जाजो नको. गुरुजीकडं जाय, त्याइचं कढीवाचून हाल हाये.

काल तुझ्या भाऊजीले डोकं दाखवलं. चार वर्षांत पह्यल्यांदा. ते म्हणे, "मले माहीत होतं." मी म्हटलं, मंग बोलले काऊन नाई? तं म्हणे, "बोललो असतो तं तू मलेही तेल लावलं असतं." सोताच्या टकलावर हात फिरवून बोलले. त्या माणसाले मी काय बोलू.

तुझ्या पत्रातला तो दुसरा प्रकार, भांगाचा, मी तीनदा वाचून घेतला. तो माझाच हाये.

२१ले येजो नको. गुरुवारी मी येते. डॉक्टरीणबाईकडं नंबर लावून ठेव. कनिष्ठेले जातानी मीच घेऊन जाईन. मी पाठवली, आणाचीही मीच. ब्लॉक काढलं हाये, वेळ समजली का फोन करजो.

एक सांगते. परक्या बाईपुढं पदर काढाची मले लई लाज वाटते, पद्मा. तिनं आत बोलावलं का तू बाहेर बाकड्यावर बसून राहू नको. संगं आत येजो, अन् माझा पदर तूच काढजो.

तुझी,
मंदाताई