पाचपैकी अडीच

सहकारनगर, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. द्वारकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खराडीहून सहकारनगरला यायला त्याने सहा दिवस घेतले. चालत निघालं असतं तरी लवकर आलं असतं. वाचून आधी वाटलं, पाकिटात दुसऱ्याच कुणाचं पत्र घुसलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसायचं म्हणतेस, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मोकळी झालीस, आणि आता लिहितेस की इंग्रजीचं तेवढं बघा. फॉर्म भरण्याआधी विचारलं असतंस तर माझा आणि बोर्डाचा, दोघांचाही वेळ वाचला असता.

कारण समजलं. कॅन्टीनचा कंत्राटदार सुपरवायझरची जागा देतोय, पण दहावी पासचा कागद त्याला जूनअखेर हवा, नाहीतर तो बाहेरचा माणूस आणणार. रोज आठ तास तव्यापुढे उभं राहून तुझे गुडघे गेले, हेही समजलं. गुडघ्यांचं वाईट वाटतं. पण परीक्षक गुडघे बघून गुण देत नाहीत.

तुझ्या चौकातल्या क्लासची तू पाठवलेली जाहिरात पाहिली. तीत ‘हमखास’ हा शब्द चार वेळा आहे आणि चारही वेळा चुकीचा लिहिला आहे. तिथे जाऊ नकोस. मीच शिकवीन, पण पोस्टाने. फोन करू नकोस, मला कानाचं यंत्र लावूनही धड ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर अंगठ्याने मराठी बडवणाऱ्यांशी मी पत्रव्यवहार ठेवत नाही. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. डावीकडे तीन बोटं समास सोडायचा. माझ्या लाल शाईला जागा लागते.

आता उताऱ्याची पद्धत ऐक. आधी प्रश्न वाचायचा. त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा. तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवायचं. उतारा समजून घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही, त्यात वेळ जातो. चौतीस वर्षं मी हेच शिकवलं आणि पोरं पास झाली.

कळावे. आशीर्वाद आहेत, पण पाठांतर तुलाच करायचं आहे.

तुझा दादा,
रंगराव


खराडी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. रंगदादांस,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. एवढं टोचून लिहिताय म्हणजे तुमची प्रकृती उत्तम आहे.

सोबत एक उतारा, रिकाम्या जागा आणि पन्नास शब्द अर्थासह पाठवते. शब्द मी पोळ्या लाटताना पाठ करते. प्रेमला माझ्या शेजारच्या तव्यावर असते, ती चौथी शिकली. मी कागद ओट्यावरच्या टाइलला चिकटवते आणि तिला म्हणते की मराठी अर्थ वाच, मी इंग्रजी सांगते. आता तिलाही वीस-पंचवीस येतात. तिला कुणी सुपरवायझर करणार नाही, तरी ती म्हणते.

इथे इंग्रजीला तोटा नाही. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली माणसं रांगेत उभी असतात, अर्धं ताट टाकून देतात आणि जाताना सॉरी म्हणतात. कुणाला म्हणतात ते कळत नाही, बहुतेक ताटाला. आमचा मॅनेजर पियुष मला म्हणाला की काकू, इस एज में क्यूँ इतना टेन्शन. मी सांगितलं की टेन्शन डोक्याला नाही, गुडघ्यांना आहे. शेफालीचं वेगळंच. पोटची पोर, पण मी इंग्रजी वाक्य बोलले की कानात बोळा घालून बसते. आई, प्लीज, एवढंच म्हणते. इंग्रजी माध्यमात घालायला आम्ही शेवटचा दीड गुंठा विकला, त्यातून एवढा एक शब्द माझ्या वाट्याला आला.

उताऱ्याचे प्रश्न तुमच्या पद्धतीने सोडवले. पाचही बरोबर असतील. नंतर मी तो उतारा शब्दकोश घेऊन पहिल्यापासून वाचला. त्यात एक म्हातारी बाई होती आणि शेवटी तिचा कुत्रा मेला. तुमच्या पद्धतीवरच थांबले असते तर पाचपैकी पाच मिळाले असते आणि कुत्रा मेलेला कळलाच नसता. मला वाईट वाटलं दादा. इंग्रजी वाचून वाईट वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपली,
द्वारका


सहकारनगर, पुणे
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. द्वारकास,
अनेक आशीर्वाद.

वह्या तपासून परत पाठवतो. लाल दिसेल तेवढं चूक आहे, म्हणजे बरंचसं. कुत्रा मेला की जगला याला गुण नाहीत. पुन्हा असल्या गोष्टींवर वेळ घालवलास तर तू नापास होशील आणि लोक म्हणतील की भाऊ मास्तर होता.

तुझा शाळेवरचा निबंध वाचण्याचं दुर्दैव ओढवलं. त्यात शाळेच्या आवारातली चिंच, घंटा, पाण्याची टाकी असलं सगळं आहे. परीक्षकाला तुझी चिंच नको आहे. त्याला पंधरा मिनिटांत तीन निबंध संपवायचे असतात. त्याला ओळखीची वाक्यं दिसली पाहिजेत, म्हणजे तो निर्धास्तपणे गुण देतो. ब्याण्णव साली आपल्या गावच्या शाळेचा इंग्रजीचा निकाल शंभर टक्के लागला तो माझ्या याच तयार वाक्यांवर. प्रशस्तिपत्र अजून दिवाणखान्यात आहे. येशील तेव्हा पुन्हा वाच, त्यातलं इंग्रजी शुद्ध आहे.

आता पत्रलेखन. विषय देतो: अभ्यासात मदत केल्याबद्दल मोठ्या भावाचे आभार. हा विषय मी नोकरीभर दिला. सोबत तयार पत्र आहे, ते जसंच्या तसं उतरव आणि पाच वेळा लिही. स्वतःचं डोकं चालवू नकोस. डोकं चालवायला भाषा यावी लागते.

तुझी वहिनी आठवण काढते. कळावे, अभ्यास वाढावा, पत्रांची लांबी कमी व्हावी.

तुझा दादा,
रंगराव


खराडी
५ जानेवारी २०२५

ती. रंगदादांस,
सा. न. वि. वि.

सोबत आभाराचं पत्र. तुमचं तयार पत्र वापरलं नाही, राग मानू नये. मजकूर माझा आहे. चार दिवस लागले. प्रत्येक शब्द कोशात बघितला आणि जो सापडला नाही तिथे सोपा घातला. समास तीन बोटं सोडला आहे.

सावकाश वाचा, घाई नाही.

कळावे, लोभ असो-नसो, पत्राचं उत्तर असावं.

आपली,
द्वारका


सहकारनगर, पुणे
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. द्वारकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तपासलं. एका पानात सतरा चुका आहेत. भूतकाळ तुला अजून कळलेला नाही, सगळं आत्ताच घडतंय अशा थाटात लिहिलं आहेस. स्पेलिंग तीन ठिकाणी चुकलं. पत्ता उजवीकडे हवा होता. शेवट बरा आहे. पाचपैकी अडीच दिले, तेही नात्यामुळे.

मजकूर काल्पनिक असला तरी माझी हरकत नाही, परीक्षेत सगळे काल्पनिकच लिहितात. पण आभाराच्या पत्रात फॉर्म, फोटो, टेबलाचा खण असलं काहीतरी आणू नये. ते विषयांतर होतं, त्याचा अर्धा गुण कापला आहे. दुरुस्त्या पाहून पुन्हा लिही आणि पाठव.

इकडे थंडी चांगली आहे. कळावे, चुका कमी व्हाव्यात हाच आशीर्वाद.

तुझा दादा,
रंगराव


खराडी
२३ जानेवारी २०२५

ती. रंगदादांस,
सा. न. वि. वि.

पुन्हा लिहून पाठवते आहे. या वेळी मराठीत, म्हणजे स्पेलिंग आड येणार नाही.

मजकूर काल्पनिक नाही. दहावीच्या वर्षी सहामाहीला मला इंग्रजीत बावीस मिळाले. तुम्हीच शिकवत होता, तुम्हीच तपासले. बोर्डाचा फॉर्म मी माझ्या हाताने भरला होता. आबांनी मला गावातून पुण्याला आणून फोटो काढला, दोन वेण्यांचा. मग एक दिवस तुम्ही घरी येऊन सांगितलंत की बोर्डाने हिचा फॉर्म परत पाठवला. आबा म्हणाले, रंगा सांगतो म्हणजे तसंच असणार. दोन वर्षांत माझं लग्न झालं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी तुमच्या टेबलाच्या खणात शाई शोधत होते. खणात चार फॉर्म होते. माझा, मुक्ताईचा आणि आणखी दोघींचा. बोर्डाचा शिक्का एकावरही नव्हता. ते बोर्डाकडे गेलेच नव्हते. आम्ही चौघी कच्च्या होतो. आम्ही बसलो असतो तर तुमचा निकाल शंभर टक्के लागला नसता.

मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. तुमचं लग्न नुकतंच झालं होतं, आबांना तुमचा केवढा अभिमान. मला वाटलं, मी खरंच मठ्ठ असेन. तीस वर्षं मी तेच धरून चालले. कुणी फॉर्म पुढे केला की मी म्हणायचे, मला नाही जमत, तुम्ही भरा.

हे सगळं मी तुम्हाला इंग्रजीत लिहिलं होतं, कारण मराठीत लिहायचा धीर झाला नाही. आणि तुम्ही ते तपासलंत. ओळ न् ओळ तपासलीत. सतरा चुका सापडल्या आणि खण वाचूनही तुम्हाला खण आठवला नाही. माझा भाऊ इंग्रजीचा मास्तर आहे आणि त्याला वाचता येत नाही, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. मला तुमचा फार राग आला आहे दादा, आणि थोडी कीवही.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

आपली,
द्वारका


सहकारनगर, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. द्वारकास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. परीक्षा महिन्यावर आली आणि तू तेहतीस वर्षांपूर्वीचं उकरत बसली आहेस. कच्च्या मुलांचे फॉर्म थांबवायचे, हा हेडमास्तरांचा तोंडी नियम होता. सगळ्याच शाळा करत. मी नवखा होतो, आणि स्वतःच्या बहिणीला वगळून बाकीच्या तिघींचे थांबवले असते तर गावाने मला उभं केलं नसतं. शिवाय बावीस गुणांवर तू नापासच झाली असतीस. ती नामुष्की टळली, असंही म्हणता येईल.

सोबत सराव प्रश्नपत्रिका आहे. तीन तास लावून सोडव.

रंगराव


खराडी
१८ मे २०२५

ती. रंगदादांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. इंग्रजीत सेहेचाळीस, एकूण पंचावन्न टक्के. शेफालीने मोबाइलवर बघितला आणि तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांना सांगत सुटली. मूळ कागद शाळेतून मिळाला की पियुषला दाखवायचा. एक जूनपासून मी सुपरवायझर. खुर्ची आणून ठेवली आहे, तिचा एक हात मोडका आहे. प्रेमला म्हणाली, बसून बघ. बसले. गुडघ्यांना खरं वाटेना.

परीक्षेला गेले तर वर्गावरच्या बाईंनी मला सांगितलं की पालकांनी फाटकाबाहेर थांबावं. मी हॉलतिकीट दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं आणि बाक दाखवला. उतारा मी आधी सबंध वाचला, मग प्रश्न बघितले. वेळ गेला, एक निबंध अर्धा राहिला. त्याचं काही वाटत नाही.

तुमचं इंग्रजीतलं पत्र परीक्षेच्या दोन दिवस आधी आलं होतं. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण डोकं ठिकाणावर ठेवायचं होतं. बसमध्ये वाचलं, खराडी ते हडपसर आणि परत. समजलं सगळं. फक्त ‘अशेम्ड’, म्हणजे लाज वाटलेला, हा एक शब्द कोशात बघावा लागला. चौतीस वर्षांत तुम्ही तो कुणाला शिकवला नसावा. तुम्हीही ती गोष्ट मराठीत सांगू शकला नाहीत, हे वाचून मला हसू आलं आणि मग बसमध्ये रडूही आलं. कंडक्टरला वाटलं, सुट्टे नाहीत म्हणून रडते. प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढल्याचं तुम्ही लिहिलंत. उशीर झाला, पण काढलंत ते बरं केलंत. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. तुमच्या पत्रात दोन चुका होत्या. घाईत झाल्या असतील, मी त्यांना हात लावला नाही.

बाकीच्या तिघी कुठे असतात, असं तुम्ही विचारलंत. एक सहा वर्षांपूर्वी गेली. एकीचा पत्ता नाही. मुक्ताई कात्रजला असते, सुनेच्या घरी. मी तिला माझा निकाल दाखवायला गेले, तेव्हा खणातल्या फॉर्मचंही सांगितलं. ती म्हणाली की यंदा मी सतरा नंबर भरते, आणि सरांचा पत्ता दे. तो मी दिला आहे. तिची पहिली वही पुढच्या आठवड्यात येईल. इंग्रजीत ती माझ्याहून कच्ची आहे आणि लिहिते फार. तिचं आधी वाचा दादा, मग तपासा.

कळावे. लोभ किती उरला आहे ते मला अजून मोजता आलेलं नाही, पण पत्र लिहीत जावं.

आपली,
द्वारका