मालोतिराची शेवटची पिशवी

हेराक्लिओन, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप कालिरोईमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल संत पेलागियाचा सण, म्हणजे माझा नावाचा दिवस, आणि तुझं पार्सल नेमकं कालच आलं. वर तुझी चिठ्ठी, ‘पेलागियाच्या सणासाठी’. मी आत पेशींची देखभाल करत होते. बाहेर शुभेच्छा द्यायला अख्खी प्रयोगशाळा जमलेली. सणाला आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं, म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या स्ट्रातिसने तुझी बिस्किटं वाटली आणि मालोतिराचा, तुझ्या त्या डोंगरी पाल्याचा, चहा उकळला. सगळाच्या सगळा! सरांनी तर दोन कप घेतले. मावशी, तो माझा प्रयोग होता गं.

तू ज्यांना पेशींच्या चुली म्हणतेस, त्या मायटोकाँड्रियांवर आम्ही मुद्दाम ताण आणतो. तुझ्या पाल्याचा अर्क दिला की त्या तग धरतात. जास्त झाला तर उलट मंदावतात. दोनदा असं दिसलं. तिसऱ्यांदा दिसायला हवं, तेही याच खुडीच्या पाल्यावर, कारण दर वर्षीचा पाला निराळा. डिसेंबरात प्रबंध द्यायचाय. नाही जमलं तर वर्ष बुडालं. स्ट्रातिस तोंड लपवत फिरतोय.

घरात थोडा तरी उरलाय का? तुझा लोभ आहेच, तेवढा पालाही असू दे.

तुझी भाची,
पेलागिया

आनोगिया, १४ ऑक्टोबर

चि. पेलागियास अनेक आशीर्वाद.

त्या पोराला रागावू नकोस. पाहुण्यांना पाजलं, समुद्रात तर नाही ना ओतलं? सरांनी दोनदा घेतला, हे मी गल्लीभर सांगून आले. शेजारची पोपी विचारत होती, हा चहा पिऊन म्हाताऱ्या तरुण होतात का. मी बेधडक हो म्हटलं.

आता ऐक. माळ्यावर याच खुडीची एक पिशवी आहे. ती मी माझ्या मयताला ठेवली होती. लोक कडू कॉफी पाजतात, ते मला कधी पटलं नाही. माझ्यामागे आलेल्यांनी मी डोंगरावरून आणलेला चहा प्यावा आणि म्हणावं, बाई तिखट होती, पण हाताला चव होती. गुडघे हे असे, पुन्हा वर चढणं काही होणार नाही, म्हणून जपलेली. उद्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. पाजायलाच काही नाही म्हटल्यावर मरण पुढे ढकलणं आलं.

या खेपेला चिठ्ठीत लिहिलंय, ‘जो पिईल त्याचे दात पडोत’. माया आहेच, ती लिहून काय दाखवायची?

तुझी मावशी,
कालिरोई

हेराक्लिओन, २० डिसेंबर

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं गं! तिसऱ्यांदाही चुली पेटत्या राहिल्या. काल प्रबंध दिला, पहिल्या पानावर तुझं नाव आहे. पोपीकाकूंना मात्र सांग, की हे काचेच्या बशीतल्या पेशींचं झालं. म्हाताऱ्यांचं अजून काही सिद्ध नाही.

अर्धी पिशवी उरलीय. स्ट्रातिसने ती कुलपात ठेवली होती. परत पाठव म्हणशील, पण पाठवणार नाही. मयताची सोय झाली की तू निवांत होशील, आणि ते मला चालायचं नाही. तू हवी आहेस मला.

जूनमध्ये मी आणि स्ट्रातिस खुडायला येतोय. तू खाली दगडावर बसून आम्हाला शिव्या घाल. पाला वाळला की सगळ्या गल्लीला बोलावू आणि पिऊन संपवू. माळ्यावर काही ठेवायचं नाही. असं दर वर्षी करायचं.

गुडघ्यांना जप, माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझीच,
पेलागिया