मामाचं रक्त

४/९/२०१८, मंगळवार
नागपूरहून परत. अहवाल मिळाला. आईच्या कॅन्सरनंतर तिच्या रक्तात जो जनुकाचा दोष निघाला तोच माझ्यात. दोनदा विचारलं, मॅडम, छातीचा कॅन्सर म्हणजे बायकांचा ना? समुपदेशक मॅडम म्हणाल्या, पुरुषाला क्वचित होतो, पण दोष मुलाकडेही उतरतो. कागदावर आमचं घराणं काढत होत्या. आई गोल. मावशी गोल, वर तिरपी रेघ, म्हणजे वारली. मी चौकोन.
"लग्न?"
ठरलंय, दिवाळीनंतर. मामाच्या मुलीशी, सुषीशी.
पेन थांबलं.
एसटीत आई पुसदपर्यंत अहवालाची घडी घालत-उघडत होती. उतरताना एवढंच, "सुषीले सांगू नको."

५/९, बुधवार
मॅडमचं बोलणं विसरायच्या आत. दोष आईला तिच्या माहेरातून आला असावा. मावशीही त्यातच गेली. म्हणजे मामातही असू शकतो, मामात असला तर सुषीत. आमच्या दोघांतही असला आणि दोन्हीकडून मुलाला मिळाला तर मूल... पुढचं ऐकलं, लिहीत नाही. आधी मामाचं रक्त तपासा म्हणाल्या.
जेवलो नाही.

६/९, गुरुवार
मामाला फोन केला.
"आमच्या घरात हा रोग नाही बाप्पा. माही बहीण इथून धडधाकट गेलती. तुमच्या घरी जाऊन बिमार पडली."
मावशीचं काय, म्हटलं. "तिले नजर लागलती." मग हसून, "जवाईबुवा, पोरगी पसंत नसन तर सरळ सांगा. रक्ताचे बहाणे कायले?"
फोन ठेवला तरी कान तापलेलाच.

७/९, शुक्रवार
सुषीचा फोन. "बाबा म्हणते तू नाही म्हणून राह्यला. काहून?"
आईचा शब्द मोडला. सगळं सांगितलं. मग, "फोनवर बाबा ऐकणार नाही. पोळ्याले ये, तोंडावर बोल."

८/९, शनिवार
फुलसावंगी, मामाचं गाव. उद्या पोळा, आज खांदशेकणी. मामा गोठ्यात उघड्या अंगानं बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. बोलायचं पाठ करून गेलो होतो. पण त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, हळदीचा लेप दिसला.
"मामा, हे काय?"
"बैलाले जू घासते, मले फवारणीच्या पंपाचा पट्टा. गाठ आली. बैलाची हळद उरली ते लावली."
"केव्हापासून?"
"मागच्या हंगामापासून."
बोट लावून पाहिलं. टणक. दाबलं तरी मामाला दुखलं नाही. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. बैल शेपटी मारत होता, तेवढंच कळत होतं.
सुषी चहा घेऊन दारात. "बोलला का रे?"
मामानं घाईनं बनियन चढवलं. "काय बोलते हा? बैलाले भेला."

९/९, रविवार, पोळा
सकाळी मामा बैल धुवायला निघाला. दोर हातात, मला बाजूला घेतलं.
"तुह्या मायची गाठ... पहिले दुखत होती का?"
"नाही."
मामानं दोर हाताला गुंडाळला. बैलानं दोर ओढला तेव्हा म्हणाला, "एवढा पोळा होऊ दे."
नागपूरला येतो असं म्हणाला नाही. येत नाही असंही नाही.
सुषी ओसरीवर बैलांच्या झुली झटकत होती. म्हणाली, "बाबात निघालं तरी माह्यात निघनच असं नाही ना?"
निम्मी शक्यता, म्हटलं.
"मंग निम्मी चांगलीबी हाय," म्हणाली, आणि हसली.
गाठीचं तिला सांगितलेलं नाही.