चष्मा गेल्याचे वर्तमान

मसोली, डहाणू

चि. जीवन यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे; 'सर्व' या शब्दातून माझे डोळे तूर्त वगळावेत. तुझी पाठ कशी आहे? (यापुढे फ्रीज शेजाऱ्यांना उचलू दे.) तुझे पत्र तुझ्या ताईने, म्हणजे आमच्या संगिताने, मला वाचून दाखवले. तुझ्या लेकीला, पूर्वीला, लग्नाआधी लेझरने चष्मा घालवायचा आहे आणि 'आधी काकांना विचारा, मग ठरवू' असे ती म्हणाली, हे ऐकून बरे वाटले. या घरात मला कोणी काही विचारत नाही.

तर ऐक. सहा महिन्यांपूर्वी माझा उणे सहाचा नंबर दोन्ही डोळ्यांचा मिळून पाऊण तासात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छरदाणीतून छताचा पंखा दिसला, आणि त्यावरची धूळही. चिकूच्या झाडाला पाने सुटी सुटी असतात हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले. स्वयंपाकघरातून संगिता माझ्याकडे कशी पाहते हेही लग्नानंतर तेवीस वर्षांनी कळले. (हे ज्ञान नसते तरी चालले असते.)

आता कुतूहलाचा भाग. तलासरीच्या शाळेतून संध्याकाळी स्कूटरने परतताना विवळवेढ्याच्या आसपास समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दिव्याभोवती प्रभावळ दिसू लागली, देवामागे असते तशी. एकदा महालक्ष्मीच्या फाट्यावर मी एका रसायनाच्या टँकरला जवळजवळ हात जोडले. ही प्रभावळ आता बरीच विरली आहे. डोळे मात्र कोरडे पडतात, म्हणून दिवसातून चारदा कृत्रिम अश्रू घालतो. मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाआधी असेच घातले. ज्यांच्या निवृत्तीची मी नऊ वर्षे वाट पाहिली त्यांनी मला मिठी मारली, म्हणाले, "सर, तुमचा एवढा जीव होता हे कधी दाखवलं नाहीत." तेव्हापासून ते दर रविवारी चहाला येतात.

मुख्य गोष्ट वेगळीच. ऑपरेशनआधी चष्मा काढला की मी पोथीतले मुंगीएवढे अक्षर वाचत असे. आता पोथी हातभर दूर धरली तरी मुंग्याच दिसतात. डॉक्टरांनी तीनदा सांगितले होते, "सर, दूरचा जाईल, जवळचा लागेल हां." मी शाळेच्या बैठकीत हलवतो तशी मान हलवली होती. संगिता म्हणते, "हात लांब करून घ्या, तेही ऑपरेशन होत असेल."

गेल्या महिन्यात शेजारच्या रोशनचे लग्न झाले. मंगलाष्टके मीच रचलेली, कागद हातात. मांडवाच्या टोकाला कोण दुसऱ्यांदा मठ्ठा घेतो आहे ते स्वच्छ दिसत होते, कागद दिसेना. मग स्मरणावर विसंबलो. स्मरणाने गेल्या वर्षी निलमच्या लग्नासाठी रचलेले कडवे काढून दिले, आणि एक अख्खे कडवे रोशनचे निलमशी लग्न लागले. 'सावधान' म्हटल्यावर सगळ्यांनी अक्षता टाकल्या, ऐकते कोण? ऐकत होती ती नवरी. तिचे नाव दक्षा. तिने अंतरपाट जरा बाजूला करून माझ्याकडे पाहिले. इतक्या स्पष्टपणे मी कोणाचा राग आजवर पाहिलेला नाही.

तेव्हा पूर्वीला सांग, माझ्यावरून जाऊ नकोस. ती एकवीस वर्षांची आहे, नंबर दोन वर्षे स्थिर आहे. डॉक्टर तपासून हो म्हणाले तर खुशाल करावे. मात्र कोरडेपणा आणि दिव्यांविषयी आधी विचारावे, आणि डॉक्टर बोलत असताना मान हलवू नये.

तुझा,
शांताराम

ता. क. : पूर्वीच्या लग्नातली मंगलाष्टके मीच म्हणावीत, हा तुझा आग्रह मान्य आहे.

ता. ता. क. : त्यासाठी दीड नंबरचा वाचायचा चष्मा तिकडून घेऊन चिवड्याच्या डब्यात घालून पाठव. इथे घेता येत नाही. 'चष्मा कायमचा गेला' असे मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटून सांगितले आहे. हे पत्रही अंदाजाने लिहिले आहे, परत वाचलेले नाही. चष्मा लग्नाआधी पोचेल असे पाहा. नाहीतर तुझ्या जावयाचे लग्नही निलमशीच लागेल.